जागेवरची गाडी

आई पुढच्या सीटवर बसली होती. अंगावर ठेवणीतलं जांभळं इरकल, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. काचा वर होत्या, आत एसी घुमत होता, इंजिन चालू होतं. गाडी मात्र होती तिथंच होती. सांगलीत माझ्या दादाच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, दोन खांबांच्या मध्ये, भिंतीकडं तोंड करून.

मी साताऱ्याहून सकाळच्या एसटीनं नुकतीच पोचले होते. खांद्यावरची बॅगही खाली ठेवली नव्हती. काचेवर टकटक केली, तेव्हा आईनं काच खाली घ्यायचं बटण शोधलं, ते काही सापडलं नाही, शेवटी दारच जरासं उघडलं.

"काय गं आई, कुठं निघालीस?"

"आक्काकडं. बॅटरी बरी वाटली तर आज निघूया म्हणालाय भरतेश."

"मग मीपण येते की."

"आज काय जमेल असं वाटत नाही," बॉनेटपाशी उभा असलेला दादा म्हणाला. "आवाज बघ कसा येतोय. जरा चार्ज होऊ दे. पुढच्या रविवारी जाऊया."

आईनं मान हलवली आणि दार ओढून घेतलं. तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही, आणि मला नेमकं त्याचंच नवल वाटलं.

मी स्वभावानं तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. सासरी म्हणतात, हिच्या नाकावरचा राग खाली उतरतच नाही. पण त्या सकाळी मी एकदम तापले नाही. आधी नीट बघून घेतलं.

गाडी आमच्या पप्पांची. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं घेतलेली. पप्पा गेले, गाडी आईच्या नावावर झाली आणि दादाच्या ताब्यात आली. दादाची स्वतःची नवी कोरी गाडी शेजारच्याच जागेत उभी असायची. पप्पांची गाडी कुणी चालवायची नाही, असा त्याचा दंडक. "पप्पांची आठवण आहे, कुठं घासली-बिसली तर?" मी साताऱ्यात विमा कंपनीत होते, मोडक्या गाड्यांची पाहणी करत चार तालुके स्वतः गाडी चालवत पालथे घालायची. पण मलाही तिची किल्ली मिळायची नाही. दर रविवारी सकाळी तो ती फक्त चालू करायचा. "उभ्या गाडीची बॅटरी उतरते, त्रिशला. चालू करून ठेवावी लागते," असं मला फोनवर समजावून सांगायचा.

आणि आक्का म्हणजे आईची थोरली बहीण, सोनाक्का. बेडकिहाळला मुलाकडं असायची. अंगणात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तिचं चालणं दारातल्या पायरीपुरतं उरलं होतं. फोनवर तिला अक्षर ऐकू यायचं नाही. समोर बसून, तोंडाकडं बघून बोललं तरच तिला कळायचं. तिनं निरोपावर निरोप धाडले होते, एकदा येऊन जा म्हणून. पप्पा गेल्यापासून दोघी बहिणी भेटल्या नव्हत्या. मी नेते म्हटलं की आई म्हणायची, "भरतेश नेतो म्हणालाय गं. पोरगा असताना पोरीच्या गाडीतनं गेलं की तिथली माणसं काय म्हणतील?" नेमकी त्या आठवड्यात माझी गाडी गॅरेजला होती, नाहीतर मी तरी एसटीनं कशाला आले असते!

तर दादाचं काय चाललंय ते मी बघत राहिले. त्यानं हेडलाइट लावले, बंद केले. वायपर फिरवले. हॉर्न वाजवला, तोही चांगला लांबलचक. मग मागं येऊन दिवे लागतात का ते पाहिलं. एसी चालूच.

"दादा, हे काय करायलास?"

"सगळं चेक करायलोय."

"अरे, गाडी चालू करतानाच बॅटरी सगळ्यात जास्त खर्ची पडते. ती भरून यायला गाडी रस्त्यावर पळवावी लागते, निदान अर्धा तास. तू उभ्या गाडीत एसी लावतोस, दिवे लावतोस आणि पाच-दहा मिनिटांनी बंद करतोस. म्हणजे दर रविवारी तू ती थोडी थोडी मारतोयस. त्यापेक्षा घरात बसला असतास तरी बरं झालं असतं."

"तू मला शिकवू नकोस."

"बरं, नाही शिकवत. पण मग पळव की. बेडकिहाळ काय लंकेत आहे? जाऊन आलं की बॅटरीपण भरेल आणि आईचं कामपण होईल."

"आणि वाटेत बंद पडली म्हणजे? आईला घेऊन रस्त्यात उभं राहायचं?"

"मग तुझ्या गाडीतनं ने. तिची बॅटरी तर नवीन आहे?"

दादा बॉनेटवर नसलेली धूळ फडक्यानं पुसू लागला. माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा काहीतरी खटकलं.

तेवढ्यात आवटीसाहेब जिन्यावरून खाली आले. हे सोसायटीचे सेक्रेटरी. पांढरा लेंगा, हातात वर्तमानपत्राची सुरळी, आणि नजर अशी की चपलेचा जोड जागचा हलला तरी टिपतील. दादा त्यांना बघून एकदम मोठ्यानं बोलू लागला.

"चल आई, बस नीट! पट्टा लाव!"

आईनं आज्ञाधारकपणे पट्टा ओढला.

"काय आई, निघालात काय बहिणीकडं?" आवटीसाहेबांनी वाकून विचारलं. मग माझ्याकडं वळले. "तुम्ही कन्या ना? कौतुक वाटतंय बघा तुमच्या भावाचं. आजारी मावशीकडं दर रविवारी आईला घेऊन जातो म्हणजे काय चेष्टा आहे? आजकाल कोण करतंय एवढं?"

"दर रविवारी?" मी विचारलं.

"तर हो! नाहीतर ही जागा आम्ही कवाच काढून घेतली असती. आमच्याकडं जागा कमी आणि गाड्या जास्त. जी गाडी वापरात नाही तिची जागा दुसऱ्याला, असा ठरावच आहे. मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा भरतेश सगळ्यांसमोर उठून म्हणाला, आईला मावशीकडं न्यायला ही गाडी लागते. मग काय, सगळे गप्प बसले. आता म्हाताऱ्या माणसाची गाडी कोण काढणार?" ते जरा थांबले, सुरळीनं पाठ खाजवली. "पण वॉचमन म्हणतोय, गाडी गेटबाहेर पडलेली त्यानं कधी बघितली नाही. म्हणून म्हटलं, आज आपणच खाली जाऊन बघावं."

आईच्या बाजूचं दार अजून नीट लागलं नव्हतं. फट राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. जागेसाठी! दोन खांबांमधल्या फरशीसाठी! त्याचा मुलगा रोहन पुण्यात नोकरीला लागला होता, दिवाळीला गाडी घेणार होता, हे मला वहिनीनंच फोनवर सांगितलं होतं. त्या अजून न घेतलेल्या गाडीसाठी जागा धरून ठेवायची म्हणून माझ्या आईला इरकल नेसवून, पिशवी मांडीवर देऊन, खिडकीत मांडून ठेवलं होतं. दुकानदार काचेत बाहुली ठेवतात तसं. आणि नव्या गाडीतून तो तिला का नेत नव्हता, तेही लख्ख कळलं. एकदा आक्काची भेट झाली असती, की पुढच्या रविवारी आई कशाला नटून खाली येऊन बसली असती? ती भेट न होणं हीच त्याची सोय होती.

"दादा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "सरक. मी चालवते. आम्ही आत्ताच्या आत्ता निघतोय."

"त्रिशला, तमाशा करू नकोस. लोक बघायलेत."

"बघू देत की! लोकांनी बघावं म्हणूनच तर बसवलंयस ना तिला?"

मी ड्रायव्हरच्या दाराकडं गेले. तो माझ्या आधी पोचला. दार उघडून, आत हात घालून त्यानं इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि खिशात टाकली. पार्किंग एकदम शांत झालं.

"आई, उतर," तो म्हणाला. "वर चल. आपण घरात बोलू."

आई उतरली नाही. पट्टा तसाच, पिशवी तशीच. एसी बंद झाला होता, आत उकडत असणार. तिनं त्याच्याकडं न बघता समोरच्या भिंतीकडं बघत विचारलं,

"मी मीटिंगमधी कुणाला सांगितलं होतं रं, मी दर रविवारी आक्काकडं जाते म्हणून?"

"आई, तसं नाही ते. रोहनसाठीच चाललंय ना सगळं? तुझाच नातू आहे."

"आणि आक्का कोण हाय?"

त्यानं आवटीसाहेबांकडं पाहिलं, जणू तेच सोडवतील.

"गाडी कुणाच्या नावावर हाय?" आईनं विचारलं.

"तुझ्याच की. पण—"

तिनं हात पुढं केला. तळवा उघडा. आयुष्यभर तिनं त्याच्यापुढं काही मागायला असा हात केला नव्हता. दादानं किल्ली दिली. आईनं ती माझ्याकडं दिली, त्याच्या डोळ्यांदेखत.

मी बसले, किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक् टक्. समोरचे दिवे मिणमिणले आणि विझले. इतक्या रविवारांचं चार्जिंग ते!

"बघ!" दादा म्हणाला. खरंच, त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. "मी सांगत होतो ना, बॅटरी गेलीय? आता कळलं?"

मी खाली उतरले. त्या क्षणी माझ्या हातून काय झालं असतं सांगता येत नाही. पण आवटीसाहेब घसा खाकरून पुढं आले.

"माझ्या गाडीत वायरी आहेत. माझ्या बॅटरीवरनं चालू करून देतो."

"आवटी, तुम्ही यात पडू नका," दादा म्हणाला. "तुमच्या पुतण्याला जागा पाहिजे म्हणून चाललंय तुमचं हे सगळं."

"व्हय, पाहिजेच की," आवटीसाहेब शांतपणे म्हणाले. "पण मी ते लपवून ठेवलेलं नाही."

त्यांनी आपली गाडी खांबापलीकडं आणून लावली, दोन्ही बॉनेट उघडली, लाल वायर, काळी वायर जोडली. मी किल्ली फिरवली. दोनदा कण्हून तिसऱ्यांदा इंजिन लागलं. दादा खांबाला टेकून हाताची घडी घालून उभा होता. आईनं एकदाही त्याच्याकडं बघितलं नाही.

"वाटेत बंद करू नका," वायरी गुंडाळत आवटीसाहेब म्हणाले. "ही बॅटरी संपत आलीय. बंद केली तर पुन्हा उठेल याचा भरवसा नाही."

मी गाडी मागं घेतली, वळवली. गेटमधून बाहेर पडताना वॉचमन उठून उभा राहिला. नक्की कशासाठी, ते त्यालाच माहीत.

अंकलीचा पूल आला. एसी मी लावला नाही, काचा खाली घेतल्या. वारं आलं तसं आईचं इरकल फडफडू लागलं. मग ती एकदम म्हणाली,

"मला वाटायचं, पोरगं बॅटरीला भितंय. पप्पापण असेच होते, लांबच्या प्रवासाला भ्यायचे. म्हणून मी त्याला कधी टोचून बोलले नाही. तिथं आत गारव्यात बसायची आणि माझी मलाच लाज वाटायची, की माझ्यापायी हा एकुलत्या एका सुट्टीच्या दिवशी बाहेर उकाड्यात उभा राहतोय."

"आई, जाऊ दे आता."

"का जाऊ दे?" ती ताडकन् म्हणाली. "तू गप गाडी चालव. जाऊ दे, जाऊ दे म्हणतच इथवर आलंय सगळं."

आईला मी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

जयसिंगपूर मागं पडलं आणि दादाचा फोन आला. आईनं उचलला. स्पीकर कसा लागतो ते तिला माहीत नव्हतं, तरी त्याचा आवाज मला ऐकू आला, इतका तो ओरडत होता. आवटीच्या पुतण्यानं जागेत गाडी लावली, सोसायटीत भांडण लागलंय, निम्म्या वाटेतून परत फिरा, निदान आईनं सोसायटीवाल्यांना फोनवर दोन शब्द तरी सांगावेत. कुठवर आलात, पाणी घेतलंय का, तब्येत कशी आहे, यातलं एक अक्षर नाही. आईनं पूर्ण ऐकून घेतलं आणि फोन माझ्या मांडीवर ठेवला. तो अजून बोलतच होता. मी बंद केला.

इचलकरंजी सोडली, बोरगाव गेलं, उसाच्या रानांतून बेडकिहाळचा रस्ता लागला. आई आरशात बघून पदर सारखा करू लागली. पिशवीतला डबा उघडून लाडू फुटले नाहीत ना ते पाहिलं. तिचा राग जरा निवळला होता. बहिणीला काय काय सांगायचं ते ती मला आधी सांगत होती. पप्पांचं शेवटचं दुखणं, रोहनची नोकरी, माझ्या मुलीचे मार्क. आक्का कशी शिव्या घालेल, याची नक्कलही तिनं करून दाखवली. "आधी मला दारातच उभी करंल बघ. म्हणंल, वाट चुकलीस काय गं भवाने?"

मावशीच्या दारात मी गाडी उभी केली, पण बंद केली नाही. हँडब्रेक ओढला, इंजिन तसंच ठेवलं. पायरीवर कुणी नव्हतं. मावसभावाची बायको शोभावहिनी आतून हात पुसत आली. आम्हाला बघून तिचा चेहरा जागच्या जागी थिजला.

"आता आलात होय, मावशी?" ती म्हणाली.

"का गं? काय झालं?"

"भरतेशदादा बोलले नाहीत? गेल्या महिन्यात आत्याबाईंच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू गेली. बोलणं बंद झालंय. ह्यांनी फोन केला होता की दादांना. ते म्हणाले, आईला सांगू नका, हबकंल, मी घेऊनच येतो रविवारी."

आईनं दाराची चौकट धरली.

"तोवर चांगल्या बोलायच्या," शोभावहिनी पुढं म्हणाली. ती काही टोचून बोलत नव्हती, पण एकेक शब्द टोचत होता. "दर रविवारी सकाळपासनं पायरीवर बसायच्या. दादांचा फोन यायचा ना, आज निघतोय म्हणून. जेवायलापण आत यायच्या नाहीत. म्हणायच्या, आमची धाकटी कुसुम येणार हाय, तिच्यासंगं जेवीन. दुपार टळली की आम्ही उचलून आत आणायचो."

मी आईचा हात धरायला गेले. तिनं तो झटकला आणि एकटीच आत गेली.

मधल्या खोलीत, खिडकीखालच्या कॉटवर आक्कामावशी पडली होती. अर्धी झाली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे तेच, तपकिरी, तिखट. त्या डोळ्यांनी तिनं आईला पाहिलं. ओळखलं. त्यात शंकाच नाही. क्षणभर तिचे ओठ हलले, घशातून कसलातरी आवाज आला. आई वाकली, तिच्या गालाला हात लावायला गेली.

मावशीनं चांगल्या असलेल्या डाव्या हातानं तो हात दूर सारला. मग मोठ्या कष्टानं, उशीवर इंच इंच करत, तिनं मान वळवली आणि भिंतीकडं तोंड केलं.

मला वाटलं, आई आता सगळं सांगेल. बॅटरीचं, जागेचं, मीटिंगचं. भरतेशचं नाव घेईल. तिनं ते घ्यावं म्हणून मी मनातल्या मनात ओरडत होते. मावशीला ऐकू आलं नसतं तरी चाललं असतं, निदान त्या घरातल्या भिंतींना तरी कळलं असतं. आईनं एक शब्द काढला नाही. त्याबद्दल मी आजही तिच्यावर रागावलेली आहे, आणि ज्याच्यासाठी ती गप्प राहिली त्याच्यावर तर आयुष्यभर.

आईनं खांद्यावरची पिन काढून खिडकीत ठेवली. पदर कमरेला खोचला. कॉट भिंतीपासून जराशी ओढून घेतली आणि त्या बोळकांडीत, भिंतीला पाठ लावून, फरशीवर बसली. मावशीचं तोंड आता बरोबर तिच्यासमोर होतं.

मावशीनं डोळे मिटून घेतले.

"रुस," आई म्हणाली. मावशीला ओठ दिसत नव्हते, तरी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "किती रुसायचं तेवढं रुस. मी बसलेय हितंच."

बाहेरून इंजिनाची घरघर येत होती. शोभावहिनीनं दाराकडं पाहिलं.

"त्रिशला," आई तिथूनच म्हणाली, "आधी जाऊन ती गाडी बंद कर."

"आई, बंद केली आणि पुन्हा चालू झाली नाही तर?"

"नको होऊ दे," आई म्हणाली.